निवृत्तीचे पहिले वर्ष: ‘वेळ कसा जातो?’ या प्रश्नाची घाई नको

महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, आणि निरोप समारंभातील शाल-श्रीफळ घरी पोहोचण्यापूर्वीच ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न सुरू होतो. उत्तर तयार नसल्याच्या संकोचातून जी कामे माणूस पत्करतो, ती पुढे निस्तरताना नाकी नऊ येतात.

म्हणून आधी केवळ मुदतीची कामे उरकावीत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते एरवी साठीनंतर उघडता येते. ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यांना मात्र निवृत्तीचे लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते उघडावे लागते. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा. बाकीचे थांबू शकते.

सर्वांत सावध राहायचे ते ‘तुम्ही आता मोकळेच आहात’ या वाक्यापासून. गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीची मुदत पाच वर्षांची असते, त्यामुळे भिडेखातर घेतलेले सचिवपद वर्षभरात सुटत नाही. अशा वेळी वार्षिक सभेची कागदपत्रे लावून देण्यासारखे, आरंभ आणि शेवट ठरलेले एखादेच काम मागून घ्यावे. नातवंडांना सांभाळण्याचे वार व तासही मुलाशी किंवा लेकीशी आधीच बोलून ठरवावेत. प्रेमाच्या माणसांना नकार देणे अवघड असते, म्हणूनच ही बोलणी लवकर व्हावीत.

निवृत्त झालेल्या पुरुषांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती म्हणजे घर सांभाळणारी पत्नी त्या दिवशी निवृत्त झालेली नसते. तिच्या स्वयंपाकघराची ‘शिस्त’ लावण्यापेक्षा भाजी आणून, निवडून, धुऊन ठेवण्याचे काम पूर्णपणे अंगावर घ्यावे, आणि ते सूचना न देता करावे.

दिवसाचे वेळापत्रक आखण्याचा मोह आवरावा. सकाळचे फिरणे आणि झोपेची वेळ एवढे दोनच खुंटे घट्ट असले तरी पुरते. हौसेने घेतलेली पेटीची शिकवणी नकोशी झाली, तर ती निःसंकोच सोडावी. तेथे हजेरीपट नसतो. दुपारी दहा पानेही वाचून न होता डोळा लागला, तर तो दिवस वाया गेला असे मानू नये. झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे किंवा उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

आणि ‘सध्या काय करता?’ असे कोणी विचारलेच, तर ‘काही नाही’ असे म्हणून थांबावे. त्यापुढे ‘तसे बरेच चालू असते’ हे शेपूट जोडण्याची सवय जायला काही महिने लागतात.