पॉलिमर फिजिक्स घेताय? आधी 'एन' कशाचा, ते विचारा

खानापूरच्या मराठी शाळेतून बेळगावात एम.एस्सी.ला आलो. इंग्रजी वाक्यं कळायला वेळ लागायचा, म्हणून सूत्रं पाठ करायचो. पॉलिमरच्या पेपरात तेच नडलं.

पॉलिमर म्हणजे साखळीसारखा लांब रेणू. या साखळीच्या दोन टोकांमधलं अंतर 'बी गुणिले वर्गमूळ एन', हे तुम्हाला ठाऊक असेल: एन म्हणजे साखळीतली पावलं किती, बी म्हणजे एका पावलाची लांबी. मी एन म्हणून बंधांची संख्या घातली आणि बी म्हणून कार्बन-कार्बन बंधाची लांबी, ०.१५४ नॅनोमीटर. पॉलिएथिलीनचे दहा हजार बंध, उत्तर १५.४ नॅनोमीटर. साफ चूक! ते सूत्र दर पावलाला दिशा पूर्ण विसरणाऱ्या साखळीचं आहे. खऱ्या साखळीत बंधांमधला कोन ठरलेला असतो, वळायलाही मोकळीक कमी, त्यामुळे एका बंधाची दिशा पुढचे काही बंध धरून ठेवतात. ती पुरती विसरायला लागणारी लांबी म्हणजे कून लांबी. पॉलिएथिलीनची सुमारे १.४ नॅनोमीटर, म्हणजे दहा-अकरा बंधांचं एक पाऊल. सगळी साखळी ताणून सरळ केली तर साधारण १२७० नॅनोमीटर भरते. तिची १.४ची पावलं पाडा, नऊशेच्या आसपास होतात. वर्गमूळ तीस, टोकांमधलं अंतर सुमारे ४२. माझ्या उत्तराच्या पावणेतीन पट! पाऊल बदललं की एन आणि बी दोन्ही बदलायचे. मी एकच बदलून पुन्हा चुकलो होतो, म्हणून हे इतकं घोळवून सांगतोय.

झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्समध्ये हिशोबाची ही पायरी गाळलेली असते. त्या घेऊच नका. आणि उत्तर सांगून मोकळं करणाऱ्यापेक्षा 'एन कशाचा?' एवढंच विचारून परत पाठवणारे सर धरा. मला तसे उशिरा भेटले.

घाबरू मात्र नका, गणित बारावीच्या पुढे फारसं जात नाही. रबरबँडला वजन टांगा आणि गरम हवा सोडा. रबर आखडून वजन वर उचलतं. ताण बंधांतून नव्हे, एंट्रॉपीतून, म्हणजे रबराच्या साखळ्यांच्या विस्कटून राहण्याच्या ओढीतून येतो, हे मला त्या दिवशी खोलीवर पटलं.

चांगल्या द्रावकात, म्हणजे साखळीला सहज विरघळवणाऱ्या द्रवात, ती फुगते आणि एनचा घातांक अर्ध्यावरून (वर्गमूळ म्हणजे अर्धा घातांक) जवळजवळ तीन-पंचमांशावर जातो. हा पॉलिमरशास्त्रज्ञ पॉल फ्लोरी यांचा हिशोब. त्यांना १९७४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सायक्लोहेक्झेन या द्रावकातलं पॉलिस्टायरीन मात्र सुमारे ३४.५ अंश सेल्सिअसला आदर्श, म्हणजे वर्गमूळाचं सूत्र पाळणाऱ्या, साखळीसारखं वागतं. एप्रिलात आपल्या बेळगावची दुपार साधारण तेवढीच तापते. साखळ्या हलतात कशा याचे सिद्धांत मांडणारे रूझ, झिम आणि द जेन यांच्याकडे त्यानंतर वळा. मी उलट्या क्रमाने गेलो आणि एक सेमिस्टर गमावलं.