सांगलीत ‘जी’ मोजताना: लंबकाचं प्रॅक्टिकल खरं कसं घ्यायचं

बारावी असो की एफवाय, लंबकाच्या प्रॅक्टिकलला जर्नलमागून जर्नल उघडावं तर उत्तर ९.८१. मुलांना ते आधीच पाठ असतं, रीडिंग मागाहून जुळवलं जातं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण सांगलीत ‘जी’, म्हणजे गुरुत्वत्वरण, ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग नाहीच. गुरुत्वत्वरण ध्रुवांवर ९.८३, विषुववृत्तावर ९.७८. आपण सतरा अक्षांशाच्या जरा खाली, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. इथे ते ९.७८ च्या आसपासच भरतं. जुळवणारा पोरगा दुसऱ्याच गावाचं उत्तर लिहून मोकळा होतो.

नव्याने शिकवायला लागलेल्यांसाठी, मी हे प्रॅक्टिकल कसं घेतो ते सांगतो.

गणपती पेठेत हार्डवेअरच्या दुकानातून गवंड्याचा ओळंबा आणा. तो जड असतो, हवेला दाद देत नाही, बराच वेळ झुलतो. जतकडच्या एका मुलीने वडिलांचा, वापरून गुळगुळीत झालेला ओळंबा आणला होता. हिंदकळणारं वजन तळहाताने अलगद शांत कसं करायचं, हे तिला आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं येत होतं. त्या दिवशी बॅचला तिनेच शिकवलं.

दोरा हुकाला नुसता गाठवू नका. झुलताना गाठ सरकते आणि लांबी बदलते. चिरलेल्या बुचात दोरा घट्ट आवळा. बुचाची खालची कड हा टांगण्याचा बिंदू. लांबी मोजायची ती ओळंबा टांगल्यावरच, कारण वजनाने दोरा ताणला जातो. पंखे बंद.

मीटरभर लांबीला ओळंबा आठ सेंटिमीटरच बाजूला घ्या, म्हणजे कोन पाच अंशांच्या आत राहतो. मुलांना मोठा झोका आवडतो, पण वीस अंशांवर सोडला तर आवर्तकाल, म्हणजे एका दोलनाला लागणारा वेळ, पाऊण टक्क्याने वाढतो आणि ‘जी’ जवळपास ०.१५ ने कमी दिसतं.

आता मोजणी. मागच्या भिंतीवर, ओळंबा स्थिर असतो तिथे खडूची उभी रेघ मारा. घड्याळ रेघेपाशी सुरू करायचं, टोकाला नाही. टोकाला ओळंबा रेंगाळतो, नेमका क्षण पकडता येत नाही. रेघेवरून तो सर्वांत वेगात जातो. पहिल्यांदा रेघ ओलांडली की ‘शून्य’ म्हणायचं. त्याच बाजूने परत ओलांडली की ‘एक’. सुरुवातीलाच ‘एक’ म्हटलं तर पन्नासाच्या नावाखाली एकोणपन्नासच दोलनं मोजली जातात आणि ‘जी’ १०.२ येतं. कुणाचं उत्तर १०.२ आलं की मी आधी विचारतो, ‘बाळा, मोजायला कुठून लागलास?’

किती दोलनं घ्यायची, हा प्रश्न मुलांनाच सोडवायला लावा. मीटरभर लंबकाची पन्नास दोलनं: ‘जी’ ९.७८ असेल तर १००.५ सेकंद, ९.८१ असेल तर १००.३. बोटाची चूकच ०.२ सेकंदाची असते, मग हा फरक दिसणार कसा? दोनशे दोलनं घेतली तर फरक अर्ध्या सेकंदावर जातो. तेव्हा लांबीही एक-दोन मिलिमीटरपर्यंत अचूक हवी. हे गणित फळ्यावर उतरलं की वर्गात एकदम शांतता होते आणि मग कुणीतरी आपणहून म्हणतं, ‘सर, व्हरांड्यातल्या हुकाला दोन मीटरचा टांगू या का?’ टांगायचाच.

लांबी ओळंब्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत धरायची, पण तो नक्की कुठे, यावर मुलं अडतात. चार वेगवेगळ्या लांबी घ्या आणि आवर्तकालाचा वर्ग विरुद्ध लांबी असा आलेख काढा. लांबीतली कायमची चूक रेषेला फक्त सरकवते. चढ तोच राहतो, ४.०४ च्या जवळ. ‘जी’ चढावरूनच काढायचं.

जर्नलबद्दल माझा नियम कडक आहे. रीडिंग पेनानेच लिहायचं, खोडरबर दप्तरात. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. ‘जी’ त्या दिवशी काढूच देत नाही. सगळ्यांच्या वेळा नोंदवून झाल्यावर पुढच्या तासाला. उत्तरापुढे अधिक-उणे किती, हे लिहिलं नसेल तर मी सही करत नाही. ९.७४ अधिक-उणे ०.०५ लिहिणाऱ्याला मी पूर्ण मार्क देतो.

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झां रिशे १६७२ साली पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला. तिथे त्याचं लंबकाचं घड्याळ रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. घड्याळ बिघडलं म्हणून त्याने विषय सोडला नाही; लंबक किती आखूड करावा लागला ते नोंदवून ठेवलं. पृथ्वी मध्यावर फुगीर असल्याच्या न्यूटनच्या मांडणीला हीच नोंद कामी आली. मी ही गोष्ट रीडिंग सुरू होण्याआधी सांगतो, नंतर नाही.

दर वर्षी एक प्रश्न येतोच: महाबळेश्वरला ‘जी’ कमी भरेल का? तिथली उंची आपल्याहून सुमारे आठशे मीटर जास्त, म्हणजे उंचीमुळे फार तर ०.००२५ चा फरक. आपल्या ओळंब्याने तो सापडेल का आणि सापडायचा असेल तर किती दोलनं लागतील, हे मी मुलांना घरून काढून आणायला सांगतो.