मोसंबी, सुपारी आणि एक बल्ब: दिवस, ऋतू, महिने घरी कसे दाखवावेत

पृथ्वीगोल घरात असेल तर उत्तम, नसेल तर त्यासाठी पैसे घालवू नका. एक टणक मोसंबी, विणकामाची लांब सुई, सोललेली सुपारी आणि होल्डरसकट साधा एलईडी बल्ब, एवढ्यावर काम भागतं. मोसंबी साडेसात सेंटिमीटरची आणि सुपारी दोनची निवडलीत तर पृथ्वी आणि चंद्र यांच्या आकारांचं प्रमाण जवळजवळ बरोबर जुळतं. अंतराचं प्रमाण मात्र जुळवायला जाऊ नका. या मापाने सुपारी मोसंबीपासून सव्वादोन मीटरवर धरावी लागेल आणि बल्बाच्या जागी आठ मीटर रुंदीचा सूर्य नऊशे मीटर लांब ठेवावा लागेल. म्हणजे आमच्या घरातून निघून कुळागर (पोफळी-नारळांची बाग) ओलांडून थेट रस्त्यापलीकडे.

सुई देठातून आरपार घाला. मोसंबीच्या पोटाभोवती पेनने रेघ मारा, हे विषुववृत्त. रेघेच्या वर एक सेंटिमीटरवर ठिपका द्या, हा गोवा. आपण साडेपंधरा अंशांवर आहोत, या मोसंबीवर ते बरोबर एक सेंटिमीटर येतात. बल्ब स्टुलावर, मोसंबीच्याच उंचीला ठेवा. त्याच्यावर शेड नको आणि टॉर्च तर मुळीच नको. टॉर्चचा उजेड एकाच दिशेला जातो, मग तुम्ही फेरी मारणार की टॉर्च वळवत बसणार?

दिवसरात्र दाखवायला एक मिनिट पुरतं. सुई उभी धरा, वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरवा, ठिपका उजेडात आला की सकाळ. जाता जाता एवढंच सांगा की आपल्या घड्याळातली वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे आणि गोवा आहे चौऱ्याहत्तरच्या जवळ. म्हणून सूर्य आपल्या माथ्याच्या रेषेत येतो तो बाराला नव्हे, सरासरी 12 वाजून 35 मिनिटांनी.

आता ऋतू. माझी पहिली तीन-चार वर्षं इथेच फुकट गेली.

आधी एक खूळ डोक्यातून काढा: पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा. शिकली-सवरलेली माणसंही हे बिनदिक्कत सांगतात. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे 14.71 कोटी किलोमीटरवर, आणि सगळ्यांत दूर जुलैच्या सुरुवातीला, 15.21 कोटींवर. जानेवारीत रात्रीच्या जत्रेला जाताना आपण शाल घेतो ती काय सूर्य जवळ आला म्हणून?

खरं कारण कलण्यात आहे. सुई 23.4 अंश कलती हवी. कोनमापक शोधत बसू नका. घड्याळाचा मिनिटकाटा बारावरून चौथ्या मिनिटावर जितका कलतो, जवळपास तितकीच कलवा. इथवर सगळ्यांना जमतं. पुढे मोसंबी हातात घेऊन माणूस बल्बाभोवती चालू लागतो, आणि चालताना त्याचं अंग वळतं, अंगाबरोबर मनगट वळतं, मनगटाबरोबर सुई वळते. सुईचं टोक सुरुवातीला बल्बाकडे होतं, ते फेरीभर बल्बाकडेच राहतं. माझंही तसंच होत होतं आणि मला पत्ताच नव्हता. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, पण थंडी कधी येणार?" मी मोसंबीकडे पाहिलं. पूर्ण फेरी झाली होती आणि गोव्यात बारा महिने उन्हाळा चालला होता.

यावर माझा एकच इलाज आहे आणि तो बदलायची मला गरज वाटत नाही. अंग वळवायचंच नाही. बल्ब राजांगणाच्या, म्हणजे घरातल्या चौकाच्या, मध्ये ठेवा. (तुळशीवृंदावनावर नको. आमच्या आईने एकदा तो उचलून थेट माझ्या हातात दिला होता.) स्वयंपाकघराचं दार ही खूण धरा. सुईचं वरचं टोक कायम त्या दाराकडे आणि तुमचं तोंडही कायम त्या दाराकडे. दाराच्या समोरच्या बाजूला उभे राहा, म्हणजे बल्ब तुमच्या आणि दाराच्या मधोमध येईल. टोक बल्बाकडे कललेलं आहे: हा 21 जून. आता कुर्लीसारखं आडवं, उजवीकडे सरका. बल्ब डाव्या हाताला आला की सप्टेंबर. तसेच पुढे सरकत बल्ब पाठीमागे घ्या. टोक अजून दाराकडेच आहे, पण आता ते बल्बापासून लांब कललंय. हा डिसेंबर. मग बल्ब उजव्या हाताला येईल तो मार्च. प्रत्येक जागी थांबा, मोसंबी सुईभोवती एकदा फिरवा आणि ठिपका उजेडात किती वेळ राहतो ते मुलांना मोजू द्या. जूनमध्ये गोव्याचा दिवस सुमारे तेरा तासांचा, डिसेंबरात सव्वाअकरा तासांचा. मोसंबीवर हा फरक बारीक दिसतो, म्हणून सुईच्या वरच्या टोकाजवळही एक ठिपका द्या. तो डिसेंबरात उजेडात येतच नाही.

फेरीच्या दिशेची एक खास आपल्याकडची चूक आहे. मुलांना 'भोवती फीर' म्हटलं की ती प्रदक्षिणा घालतात, देव उजव्या हाताला ठेवून. पृथ्वीची फेरी बरोबर उलटी. दर वर्षी निम्मी मुलं चुकतात. त्यांना रागावू नका, त्यांचे संस्कार चांगले आहेत.

एखादं हुशार पोर विचारेल की सुईचं टोक कधीच हलत नाही का. हलतं. एक गिरकी पुरी करायला त्याला सुमारे 26,000 वर्षं लागतात. खरं उत्तरायण 22 डिसेंबरच्या सुमाराला सुरू होतं आणि आपण तिळगूळ वाटतो 14 जानेवारीला, त्यामागे हीच गिरकी आहे.

दुसरा प्रश्न हमखास येतो: टोक जूनमध्ये बल्बाकडे, मग आपल्याकडे सर्वांत जास्त उकडतं मेमध्ये का? हा प्रश्न टाळू नका. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, त्यामुळे सूर्य आपल्या थेट डोक्यावर वर्षातून दोनदा येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये दहा तारखेच्या आसपास. मेमध्ये आकाश मोकळं असतं, जमीन तापते. जूनमध्ये ढग येतात आणि पाऊस ऊन झाकतो. मोसंबीला ढग नाहीत, एवढं कबूल करा आणि पुढे चला.

पटत नसेल त्याने अंगणात एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करावी आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजावी. 22 डिसेंबरला ती 81 सेंटिमीटर भरते, 21 मार्चला 28. मेच्या सुरुवातीला सावली काठीच्या बुडाशी गडप होते, आणि त्यानंतर ऑगस्टपर्यंत दक्षिणेला पडते. जूनमध्ये ऊन मिळालंच तर 14 सेंटिमीटर, तीही दक्षिणेकडे. उन्हाचा दिवस मिळेपर्यंत धीर धरावा लागतो.

चंद्र सोपा आहे. सुपारी काडीला टोचा, हात लांब करून धरा, आता तुमचं डोकं ही पृथ्वी. बल्बाकडे तोंड केलं की सुपारीची काळी बाजू दिसते, ती अमावास्या. आता डावीकडे वळत जा: कोर, अर्धी, मग बल्ब पाठीशी आला की पौर्णिमा. त्या वेळी सुपारी डोक्याच्या सावलीच्या जरा वर धरा. चंद्राची कक्षा पाच अंश कलती आहे, म्हणूनच दर पौर्णिमेला ग्रहण लागत नाही. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं कोणी सांगितलं तर अर्धी सुपारी दाखवा. तिच्यावर तुमची सावली कुठे आहे?

सुपारीची फेरी 27.3 दिवसांत पुरी होते, पण तोवर पृथ्वी स्वतः 27 अंश पुढे सरकलेली असते. सूर्याशी पुन्हा तीच गाठ पडायला चंद्राला आणखी दोन दिवस चालावं लागतं, म्हणून अमावास्या ते अमावास्या साडेएकोणतीस दिवस. असे बारा महिने 354 दिवसांचे होतात, वर्षाला अकरा दिवस तुटतात, आणि ती तूट भरायला 32-33 महिन्यांनी अधिक महिना येतो. 2023 मध्ये अधिक श्रावण आला होता, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ. मुलांना कॅलेंडर देऊन सण दोन ढिगांत वाटायला लावा. नाताळ आणि 24 जूनचं सांजांव (संत जॉनचा सण) सूर्याच्या ढिगात. चवथ आणि शिगमो चंद्राच्या. कार्निव्हल कुठे टाकायचा यावर नेहमी भांडण होतं. तो ईस्टरवरून मागे मोजतात आणि ईस्टर येतो 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी, तेव्हा त्याच्यावर दोघांचाही हक्क.

शेवटी बल्ब विझवा आणि बाहेर या. शुक्ल पक्षातल्या एखाद्या संध्याकाळी आठ वाजता चंद्र कुठल्या पोफळीच्या शेंड्यावर आहे ते पाहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी उभे राहा. हात लांब करून मूठ धरलीत तर चंद्र त्या शेंड्यापासून एक मूठ आणि वर एक-दोन बोटं पूर्वेला सरकलेला दिसेल.