रात्री सायकल चालवताना लाइटच्या बाबतीत या चुका टाळा

रात्री सायकलवर असताना समोरून येणारी गाडी आपल्याला खूप लांबून दिसते, तिचे हेडलाइट डोळ्यात येतात, आणि आपण नकळत धरून चालतो की मला ती दिसतेय म्हणजे तिच्या ड्रायव्हरलाही मी दिसत असणार. सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच निघतात. गाडी स्वतः उजेड फेकते म्हणून लांबून दिसते, तुमच्या सायकलला लाइट नसेल तर तुम्ही काहीच फेकत नाही. डिपरवर असलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला गडद कपड्यातला माणूस बऱ्याचदा अगदी जवळ आल्यावरच कळतो. त्यात ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे सरकते, आणि काहीतरी दिसलं, ते काय आहे ते कळलं आणि पाय ब्रेकवर गेला एवढ्यातच एक-दीड सेकंद जातो. म्हणजे २५ मीटर तिथेच संपले, गाडीचा वेग कमी व्हायला अजून सुरुवातही नाही. ड्रायव्हर कितीही चांगला असू दे, हे गणित त्याच्या हातात नसतं, तुमच्या हातात असतं.

"रस्त्यावर दिवे आहेत ना, मग लाइट कशाला"

हे वाक्य फार ऐकायला मिळतं. रस्ता दिसतोय, खड्डे दिसतायत, म्हणजे लाइटची गरज नाही असं वाटतं. पण लाइट फक्त आपल्याला दिसावं म्हणून नसतो, आपण दिसावं म्हणून असतो. रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड वरून पडतो, दोन खांबांच्या मध्ये अंधाराचे पट्टे राहतात, झाडाखाली तर अजूनच, आणि तुम्ही त्या पट्ट्यांतून दिसत-गायब होत जात असता. त्यात तुमच्या मागून एखादी गाडी येत असेल तर समोरच्या ड्रायव्हरला फक्त तिच्या हेडलाइटचा झगमगाट दिसतो आणि त्याच्या पुढे असलेली सायकल त्यात पूर्ण हरवते. चौकात उजवीकडे-डावीकडे वळणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हे जास्त लक्षात ठेवा. आणि लाइट अंधार पडल्यावर नाही, संध्याकाळी उजेड कमी व्हायला लागला की लगेच लावा, कारण आपल्याला "अजून दिसतंय की" वाटत असतं तेव्हाच बाकीच्यांना आपण दिसेनासे व्हायला लागलेलो असतो.

रिफ्लेक्टरवर सगळी भिस्त

रिफ्लेक्टर चांगलेच, काढून टाकू नका, पण त्याचं काम कसं चालतं ते बघा. ज्या दिशेने उजेड येतो त्याच दिशेने तो परत पाठवतो. म्हणजे मागून सरळ येणाऱ्या गाडीचा हेडलाइट त्यावर पडला तर झकास चमकतो. पण गल्लीतून बाहेर पडणाऱ्या गाडीचे हेडलाइट अजून तुमच्याकडे वळलेलेच नसतात, तिच्या ड्रायव्हरसाठी रिफ्लेक्टर नसल्यातच जमा. पायी चालणाऱ्या माणसाकडे तर हेडलाइटच नसतो. तिथे स्वतःचा लाइटच लागतो.

कपड्यांचं पण तेच. भडक पिवळं-हिरवं फ्लुरोसंट जॅकेट दिवसा उठून दिसतं कारण त्याला उन्हातली अतिनील किरणं मिळतात, रात्री ती नसतात त्यामुळे ते साध्या फिक्या कपड्यासारखंच होतं. रात्री कामाची असते ती चंदेरी रिफ्लेक्टिव्ह पट्टी. आणि ती छातीवर लावण्यापेक्षा घोट्याला, गुडघ्याला लावा. पॅडल मारताना पाय वर-खाली होतात आणि ती हालचाल बघून ड्रायव्हरला झटकन कळतं की हा माणूस आहे, सायकलवर आहे. पॅडलवरचे रिफ्लेक्टर पण याच कारणाने उपयोगी, ते फालतू म्हणून काढू नका.

मागचा लाल दिवा लावला, पण दिसतोय का?

मला विचाराल तर इथे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला पाहिजे, कारण पुढचा लाइट बंद पडला तर लगेच कळतं, मागचा कळतच नाही. चालवताना मागे वळून कोण बघतंय. सीटच्या खाली लावलेला दिवा लांब जॅकेटने किंवा रेनकोटने झाकला जातो, कॅरिअरवर पिशवी ठेवली की तिच्या आड जातो, बॅगेला क्लिपने अडकवलेला असेल तर बॅग लोंबली की तो आकाशाकडे नाहीतर जमिनीकडे बघत बसतो. मागच्या दिव्याचं तोंड सरळ मागे पाहिजे, रस्त्याला समांतर. थोडा जरी वर-खाली झाला तरी लांबून त्याचा जोर एकदम कमी दिसतो. मडगार्ड नसेल तर मागचं चाक पाणी-चिखल थेट त्याच्यावर उडवतं, काचेवर थर बसतो आणि दिवा चालू असूनही उपयोग शून्य. निघताना बोटाने पुसून घ्या, बास.

तपासायची एकच पद्धत, सायकलवर दुसऱ्या कुणाला तरी तुमचं नेहमीचं जॅकेट आणि नेहमीची बॅग घालून बसवा आणि तुम्ही अंधारात पन्नास पावलं मागे जाऊन उभे राहा, मग बाजूला जाऊन बघा. काय दिसतंय ते तिथे कळेल, घरात दिवा चालू करून बघण्यात काही अर्थ नाही.

आणि हो, पुढे पांढरा, मागे लाल. लाल दिवा पुढे लावलेला असेल तर समोरच्याला वाटतं तुम्ही त्याच्यापासून लांब चाललाय, प्रत्यक्षात तुम्ही त्याच्याकडे येत असता.

पुढचा लाइट सगळ्यांच्या डोळ्यात

जास्त ल्युमेन म्हणजे चांगला लाइट असं समजून घेतात आणि तो सरळ समोर तोंड करून लावतात. ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड निघतो ते, तो रस्त्यावर किती पडतो हा वेगळा विषय. टॉर्चसारखा गोल झोत असेल तर अर्धा उजेड झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि डोळे दिपलेल्या ड्रायव्हरला तुमची सायकल नक्की कुठे आहे तेच कळत नाही. वरून कापलेला झोत असलेला, म्हणजे उजेड वर न जाता खाली रस्त्यावरच पडतो असा लाइट मिळाला तर तोच घ्या.

लाइट कुठल्याही प्रकारचा असो, अँगल असा लावून बघा: सायकल भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करा, लाइट जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा, आणि झोताचा सगळ्यात उजळ भाग भिंतीवर साधारण लाइटच्या उंचीच्या अर्ध्यावर येईल इतका तो खाली झुकवा. मग तो रस्त्यावर १० मीटरच्या आसपास पडतो. जोरात चालवत असाल तर थोडा वर घ्या, पण उजळ भाग लाइटच्या स्वतःच्या उंचीच्या वर कधीच जाऊ देऊ नका. वेगाचा हिशोबही इथेच करा, ताशी २५ ने तुम्ही सेकंदाला ७ मीटर जाता, १० मीटरच दिसत असेल तर खड्डा दिसल्यावर जेमतेम दीड सेकंद हातात आहे. तेवढ्यात थांबता येत नसेल तर वेग कमी करणे हाच उपाय, पावसात तर नक्कीच.

मोबाइलचा टॉर्च लाइटच्या जागी नको, त्याचा उजेड पसरट असतो आणि लांब जात नाही. हेल्मेटवरचा लाइट जोडीला ठीक, पण तो एकटाच नको, तुम्ही ज्याच्याकडे बघाल त्याच्या डोळ्यात तो जातो.

नुसतं ब्लिंक ब्लिंक

ब्लिंक मोडमुळे लक्ष वेधलं जातं हे खरं, पण पूर्ण अंधारात फक्त लुकलुकणाऱ्या दिव्यावरून सायकल किती लांब आहे आणि किती वेगात आहे याचा अंदाज येत नाही. जर्मनीत तर सायकलला लुकलुकणारा दिवा लावायला परवानगीच नाही. मागे दोन दिवे असतील तर एक स्थिर आणि एक ब्लिंक, एकच असेल तर स्थिर ठेवा. ग्रुपमध्ये जाताना मागचा ब्लिंक बंद ठेवा, मागच्या माणसाला अक्षरशः त्रास होतो.

लाइट मध्येच बंद पडतोय?

चार्जिंगवाला लाइट असेल तर आधी हे बघा की खोक्यावर लिहिलेले तास बऱ्याचदा सगळ्यात मंद मोडचे असतात, फुल्ल वर तो त्याच्या कितीतरी आधी संपतो. बॅटरी जुनी झाली की अजून लवकर, थंडीत अजून. सायकल उभी असताना फुल्ल मोडवर लाइट आपोआप मंद होत असेल तर घाबरू नका, वारा लागत नाही म्हणून तो तापतो आणि स्वतःला वाचवतो. चार्जिंगच्या भोकावरचं रबराचं झाकण नीट बसलेलं नसेल तर पावसात पाणी आत जातं, ओल असताना चार्जिंगला लावू नका.

डायनॅमो असेल आणि पावसात लाइट येतो-जातो करत असेल तर टायरवर घासणारा डायनॅमो घसरतोय, तो टायरला नीट टेकतोय का ते बघा. एकच वायर असलेल्या जुन्या सायकलींमध्ये करंट फ्रेममधून परत येतो, तिथे रंग किंवा गंज असेल तर दिवा लुकलुकतो, दिव्याचा स्क्रू काढून खालची जागा पॉलिश पेपरने घासली की बहुतेक वेळा काम होतं. जुन्या बल्बवाल्या सेटमध्ये मागचा बल्ब सारखा उडत असेल तर पुढचा बल्ब आधी तपासा, तो गेला की सगळा करंट मागच्या छोट्या बल्बवर येतो आणि तोही जातो. सायकल थांबली की डायनॅमोचा लाइट जातो, म्हणजे नेमकं सिग्नलला किंवा वळायला थांबल्यावर तुम्ही अंधारात, तेव्हा थांबल्यावरही काही मिनिटं चालू राहणारा मागचा दिवा घ्या नाहीतर बॅटरीचा एक जोडीला लावा.

एवढं करूनही रस्त्यात दोन्ही दिवे गेले तर "थोडंच राहिलंय" म्हणून चालवत राहू नका. बॅगेत एक छोटा लाल आणि एक छोटा पांढरा दिवा कायम ठेवा, तो नसेल तर उतरा आणि फूटपाथवरून सायकल हातात धरून चालत जा.