वारा कधी फिरणार, ते आधी बघा
फेब्रुवारी-मार्चमध्ये टेक्सासच्या पॅनहँडल भागात, म्हणजे राज्याच्या उत्तर टोकाला, राहत असाल, किंवा डॅलसहून अमरिलोमार्गे गाडीने डेन्व्हरला निघाला असाल, तर अंदाजात नुसतं तापमान बघू नका. ‘रेड फ्लॅग वॉर्निंग’, म्हणजे वणव्याच्या धोक्याचा इशारा, आहे का, ते पाहा. तो असला की समजा, हवा कोरडी, वारा जोराचा आणि माळावरचं गवत पेटायला तयार. काल पाऊस पडला होता या भरवशावर राहू नका. वाळलेलं बारीक गवत तासाभरातही पुन्हा कोरडं होतं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वारा फिरण्याची वेळ. नैर्ऋत्येचा वारा आगीला लांबलचक पट्ट्यासारखा पूर्वेकडे ओढत नेतो. मग उत्तरेकडून थंड हवा घुसली की त्या पट्ट्याची अख्खी कड दक्षिणेकडे धावू लागते. २०२४ च्या फेब्रुवारीत पॅनहँडलमधल्या स्मोकहाउस क्रीकच्या आगीत हेच झालं. १० लाख एकरांहून जास्त जमीन जळाली. म्हणून दूर धूर दिसला तरी ‘आपल्या बाजूला नाही’ म्हणून थांबू नका.

अशा दिवशी गाडी सुक्या गवतात उभी करू नका, तापलेला सायलेन्सर पुरतो. ट्रेलरची साखळी रस्त्यावर घासत असेल तर वर बांधा. बार्बेक्यू नकोच.