जिनिंगच्या काट्यावरचा जुना प्रोग्रॅम कसा सांभाळायचा

दिवाळीच्या आधी एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, दिवाणजींचा फोन आला. "ताई, नवा कॉम्प्युटर आणला, पण काट्याचा प्रोग्रॅमच उघडत नाही. गेटवर गाड्या लागल्या आहेत." घाटंजीहून मी पोचेपर्यंत रांग डांबरी रस्त्यावर आली होती. कास्तकार रात्रीपासून कापसाच्या गाडीवरच झोपलेले. ऑफिसात स्क्रीनवर एकच ओळ: 'धिस ॲप कान्ट रन ऑन युवर पीसी'. जुनं मशीन गोदामात टाकून दिलं होतं. ते पुसून परत जोडलं आणि पाऊण तासाने पहिली गाडी काट्यावर चढली.

विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही एक गोष्ट आधी पाहिली नव्हती. तो प्रोग्रॅम १६ बिटचा होता, म्हणजे प्रोसेसर एका दमात शून्य-एकचे १६ आकडेच हाताळायचे त्या काळचा. म्हणून मशीन बदलायच्या आधी हे तपासा. प्रोग्रॅमच्या ईएक्सई फाइलची कॉपी करा आणि ती कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. मूळ फाइलला हात लावू नका, आणि बंद करताना सेव्ह तर अजिबात करू नका. सगळी वेडीवाकडी अक्षरं दिसतील, पण अगदी सुरुवातीला 'एमझेड' ही दोन अक्षरं असतात. मायक्रोसॉफ्टमधल्या मार्क झ्बिकोव्स्की या इंजिनिअरची ती आद्याक्षरं. त्यापुढे थोड्याच अंतरावर 'धिस प्रोग्रॅम कॅनॉट बी रन इन डॉस मोड' किंवा 'मस्ट बी रन अंडर विन ३२' असं वाक्य आणि जवळपास 'पीई' ही अक्षरं दिसली, तर प्रोग्रॅम ३२ किंवा ६४ बिटचा विंडोजचा आहे. तो नव्या मशीनवर चालायची बरीच आशा आहे. यातलं काहीच सापडलं नाही, तर तो बहुतेक डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळ्या पडद्याच्या सिस्टीमचा, १६ बिटचा. ते वाक्य दाखवणारा तुकडा स्वतःच डॉसचा एक छोटा प्रोग्रॅम आहे आणि आजच्या विंडोज ११ च्या प्रोग्रॅममध्येही तो पोटात असतो. मला ते दर वेळी बघावंसं वाटतं.

नवं मशीन जास्त ताकदीचं असून जुनं का चालवत नाही, हा प्रश्न प्रत्येक दिवाणजी विचारतात. इंटेलचा ८०८६ प्रोसेसर १९७८ चा, १६ बिटचा. १९८५ च्या ३८६ ने ३२ बिट आणले आणि सोबत एक सोय दिली: ३२ बिटचं काम चालू असतानाच आत एक खोटा ८०८६ उभा करता येई. डॉसचे प्रोग्रॅम विंडोजमध्ये चालत ते त्याच्या जोरावर. पुढे इंटेलने २००१ मध्ये इटेनियम हा पूर्ण वेगळ्या घडणीचा प्रोसेसर काढला. त्यावर जुने प्रोग्रॅम फार हळू चालत, आणि लोकांनी तो घेतला नाही. २००३ मध्ये एएमडीने ६४ बिट आणले ते जुन्या ३२ बिटला हात धरून. तेच चाललं, आणि वर्षभरात इंटेलनेही तीच वाट धरली. फक्त ६४ बिटच्या मोडमधून तो खोटा ८०८६ एएमडीने काढून टाकला. म्हणून ६४ बिटच्या विंडोजमध्ये डॉसचा प्रोग्रॅम थेट चालत नाही. विंडोज १० ची ३२ बिटची आवृत्ती तरी मिळत होती, त्यात डॉसची सोय चालू करता येई. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते.

३२ बिटवर राहण्याचीही किंमत आहे. तिथे साधारण ४ जीबीच्या पुढची रॅम वापरात येत नाही. काट्याच्या एका प्रोग्रॅमला तेवढी रॅम खूप झाली, पण त्याच मशीनवर ब्राउझर आणि जीएसटीचं काम करायला जाल तर ते रडवेल. दुसरं म्हणजे सुरक्षा. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला.

माझं मत स्पष्ट आहे: काटा जुन्या मशीनवरच ठेवा, पण ते मशीन एकटं ठेवा. नेटची केबल काढा, वायफाय बंद करा. हिशेबाच्या मशीनला वजनं हवीत म्हणून दोघांना जोडायचा आग्रह होतो आणि त्यासाठी नव्या विंडोजवर 'एसएमबी १' नावाची जुनी शेअरिंगची पद्धत चालू केली जाते. ते करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरला तो त्याच दारातून. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण ज्यांनी ती टाकली नव्हती त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. दिवसाची वजनं एका ठरावीक पेनड्राइव्हवर घ्या, नव्या मशीनवर आधी स्कॅन करा. रोज पाच मिनिटं जातात, जाऊ द्या.

जुनं मशीन सांभाळायचं म्हणजे पहिल्यांदा मदरबोर्डवरचा सेल बदला, सीआर २०३२, रुपयाच्या नाण्यासारखा गोल. तो मेला की लाइन गेल्यावर तारीख मागे जाते आणि पावतीवर भलतंच वर्ष छापून येतं. कास्तकाराच्या हातात तीच पावती असते, पैशाचा वाद झाला तर दाखवायला दुसरं काही नाही. मग हार्डडिस्कची पूर्ण कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. पॅरलल पोर्टवर, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद जागेवर, किल्लीसारखं डाँगल (ते नसेल तर प्रोग्रॅम उघडत नाही) लावलेलं असेल तर त्याच्यावर ठळक अक्षरांत लिहा, नाहीतर कोणीतरी झाडताना कचरा म्हणून काढून टाकेल.

जुनं मशीन बंदच पडलं तर डॉसबॉक्स-एक्स वापरा. हा प्रोग्रॅम नव्या विंडोजमध्ये सॉफ्टवेअरनेच जुना पीसी उभा करतो, त्यामुळे प्रोसेसरने काय काढलं याचा प्रश्न उरत नाही. खरी कसोटी आहे ती काट्याच्या इंडिकेटरची, म्हणजे वजन दाखवणाऱ्या डब्याची. वजन सिरियल केबलने येतं, आणि नव्या मशीनला तो पोर्ट बहुतेक नसतो. यूएसबीचा कन्व्हर्टर लावला की विंडोज त्याला कॉम ७, कॉम ११ असा कुठलाही नंबर देतं, आणि जुन्या प्रोग्रॅमला बहुतेक कॉम १ किंवा २ च माहीत असतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन नंबर बदला. मग डॉसबॉक्सच्या सेटिंग फाइलमध्ये पहिल्या सिरियल पोर्टला 'डायरेक्टसिरियल' लिहून तो खरा पोर्ट जोडा. बॉड रेट, म्हणजे केबलवरून आकडे यायचा वेग, इंडिकेटरवर असेल तोच हवा. वजनाच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसल्या की तोच चुकला आहे असं समजा.

प्रिंटर मात्र डॉट मॅट्रिक्सच ठेवा. एका फटक्यात कार्बनच्या तीन प्रती निघतात: एक कास्तकाराला, एक ऑफिसला, एक गेटला. ३२ बिटच्या विंडोजवर डॉसच्या प्रोग्रॅमला यूएसबीचा प्रिंटर द्यायचा असेल, तर प्रिंटर शेअर करा आणि 'नेट यूज' कमांडने एलपीटी १ हे जुन्या प्रिंटर पोर्टचं नाव त्या शेअरला लावा. प्रोग्रॅमला वाटतं समोर जुनाच पोर्ट आहे.

हिशेबाचा जुना प्रोग्रॅम मात्र असा जपू नका. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमध्ये असेल तर त्याच्या डीबीएफ फाइली लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडतात. कॉपी करून उघडा, जुन्या वर्षांच्या बेरजा छापील वहीशी ताडून पाहा, आणि पुढचं काम नव्या सॉफ्टवेअरवर न्या.

हे सगळं पावसाळ्यात करा, जिनिंग बंद असताना. काट्यावर एक ट्रॅक्टर रिकामा आणि मग भरून चढवा, जुन्या आणि नव्या दोन्ही मशीनवर वजन घ्या, पावत्या शेजारी ठेवून पाहा. जुळल्या की पोर्टचा नंबर, बॉड रेट आणि सेल बदलल्याची तारीख एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा.