बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरसाठी ट्रॉलीचा हूक निवडताना

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या संत्र्याच्या पट्ट्यात झाडांच्या ओळींमधून फिरण्यासाठी चोवीस ते अठ्ठावीस अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर घेतले जातात आणि बहुतेक ठिकाणी घरच्याच जुन्या ट्रॉलीला ते जुंपले जातात. ही ट्रॉली मुळात पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसाठी बनवलेली असते. तिची दांडी, तिची उंची आणि तिचा हुकावर येणारा भार छोट्या ट्रॅक्टरच्या मापाचा नसतो. मोठ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर दोन मीटरच्या आसपास असते, तर छोट्याचे साधारण दीड मीटर असते. या अर्ध्या मीटरमुळे दोन अडचणी उभ्या राहतात. वळणावर ट्रॉली मागच्या टायरला घासते आणि चढावर किंवा चिखलात ट्रॅक्टर पुढून उचलतो.

घासण्याच्या तक्रारीवर गावातला वेल्डर हमखास एकच उपाय सुचवतो, तो म्हणजे हुकाला पट्टी जोडून तो वीतभर मागे घेणे. काम तासाभरात होते आणि घासणे थांबते, पण ट्रॅक्टर पुढून आणखी हलका होतो. जागा हवी असेल तर ती ट्रॉलीच्या दांडीत काढावी; हूक मात्र मागच्या आसाच्या जितका जवळ आणि जितका खाली ठेवता येईल तितका ठेवावा.

याचा हिशोब कागदावर मांडता येतो. समजा, ट्रॅक्टर 900 किलोचा आहे आणि त्यातले 360 किलो वजन पुढच्या चाकांवर आहे. स्टिअरिंग हाती राहण्यासाठी ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान वीस टक्के, म्हणजे 180 किलो, वजन पुढे राहिले पाहिजे असा सर्वमान्य ठोकताळा आहे. दोन चाकी ट्रॉली मालासह दोन टनांची असून हुकावर 300 किलो भार टाकते आणि चिखलाच्या पांदण रस्त्यावर तिला ओढायला तेवढाच 300 किलोचा जोर लागतो असे धरू. हूक मागच्या आसापासून अर्धा मीटर मागे आणि जमिनीपासून अर्धा मीटर उंच असेल, म्हणजे दोन्ही अंतरे आसांमधल्या दीड मीटरच्या एक तृतीयांश असतील, तर भारामुळे 100 किलो आणि ओढीमुळे आणखी 100 किलो वजन पुढच्या चाकांवरून उतरते. उरतात 160 किलो, म्हणजे मर्यादेच्या खाली. तोच हूक दहा सेंटिमीटर पुढे आणि दहा सेंटिमीटर खाली घेतला की दोन्ही आकडे 80 वर येतात आणि पुढे 200 किलो राहतात. चढावर खुद्द ट्रॅक्टरचे वजनही मागे सरकते आणि ते यात धरलेले नाही, त्यामुळे नाल्याच्या काठावरून भरली ट्रॉली वर काढायची असेल तर ही 20 किलोची शिल्लकही पुरेशी समजू नये. पुढे लोखंडी वजने लावावीत किंवा खेप हलकी करावी.

दांडी किती लांब हवी हे दोरीने ठरते. दोरीचे एक टोक हुकाच्या पिनेला धरावे आणि दुसरे मागच्या टायरच्या किंवा मडगार्डच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यापर्यंत न्यावे. तो कोपरा बहुधा टायरच्या बाहेरच्या कडेला, पुढच्या बाजूस सापडतो. पिनेपासून ट्रॉलीच्या पुढच्या फळीपर्यंतचे अंतर या दोरीपेक्षा वीतभर जास्त असेल, तर ट्रॉलीचा डबा कोणत्याही वळणावर टायरपर्यंत पोहोचत नाही. मात्र डबा सुटला तरी दांडीचे दोन तिरपे चॅनल टायरला लागू शकतात, कारण छोट्या ट्रॅक्टरवर मागचे टायर जवळजवळ पिनेच्या रेषेपर्यंत आलेले असतात. म्हणून दांडीचा पुढचा भाग एकेरी व सरळ असावा आणि तिचे दोन फाटे टायरच्या मागे बऱ्याच अंतरावर सुरू व्हावेत.

दांडी लांबवण्याचा आणखी एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. ट्रॉलीच्या आसापासून पिनेपर्यंतचे अंतर तीन मीटरवरून 3.4 मीटर झाले, तर तोच माल त्याच जागी भरूनही हुकावरचा 300 किलोचा भार सुमारे 265 किलोवर येतो. तोटा असा की लांब दांडीची ट्रॉली वळणावर आतून जास्त कापते, त्यामुळे धुऱ्यावरून किंवा बागेच्या फाटकातून वळताना ट्रॅक्टर थोडा रुंद घ्यावा लागतो. जुन्या दांडीच्या टोकाला तुकडा जोडून घेऊ नये, कारण तो जोड नेमका ताणाच्या जागी येतो आणि तिथेच तडकतो. दोन्ही चॅनल मुळापासून नवे, अखंड टाकून घ्यावेत.

आता प्रत्यक्ष हुकाविषयी. ट्रॅक्टरच्या मागच्या हौसिंगला (गिअर व आस झाकणाऱ्या कवचाला) बोल्टने बसणारा, उंचीसाठी एकाखाली एक भोके असलेल्या प्लेटचा हूक बागायतदाराच्या कामाला सर्वांत योग्य आहे. भरलेली ट्रॉली सपाट जागी उभी असताना दांडी जमिनीला समांतर राहील असे भोक निवडावे. ते वरचे निघाले तर हूक वर न चढवता ट्रॉलीचे डोळे (दांडीच्या टोकाचे, पिन ज्यातून जाते ते कडे) दांडीच्या खालच्या अंगाला लावून घ्यावे. पीटीओच्या (अवजारे फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या) खालून येणारा ड्रॉबार, म्हणजे ओढीचा दांडा, असेल तर तो उंचीने खाली असल्यामुळे ओढीला उत्तम, परंतु त्यावर किती उभा भार चालतो हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहूनच दोन चाकी ट्रॉली जोडावी. अवजारे उचलणाऱ्या हायड्रॉलिकच्या दोन हातांमध्ये बसणाऱ्या भोकांच्या आडव्या पट्टीवर ट्रॉली ओढू नये. हात वर गेले की ओढीची जागाही वर जाते, आणि तेवढ्याने ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. टॉप लिंकच्या (अवजाराला वरून धरणाऱ्या तिसऱ्या दांड्याच्या) जागी साखळी बांधून काही ओढणे तर सरळ जिवाशी खेळ आहे.

हौसिंग बिडाचे असते, त्यामुळे त्याला कोणत्याही कारणाने वेल्डिंग लावू देऊ नये. कंपनीने दिलेल्या भोकांतच हूक बसला पाहिजे, तोही कंपनीने सांगितलेल्या मापाच्या व ताकदीच्या बोल्टने.

पिनेच्या बाबतीत आपल्याकडे फार हयगय होते. बांधकामाच्या सळईचा तुकडा किंवा नांगराचा जुना बोल्ट अडकवून काम भागवले जाते. असा तुकडा काढून उजेडात धरला तर मधोमध कमरेसारखी खाच पडलेली दिसते, आणि ट्रॉलीचे डोळे पाहिले तर ते गोल न राहता अंड्याच्या आकाराचे झालेले असते. अशा ढिलाईत प्रत्येक गिअरला आणि प्रत्येक ब्रेकला हुकावर हातोड्यासारखा घाव बसतो. कडक पोलादाची, डोळ्यात जेमतेम दोन-तीन मिलिमीटर सैल बसणारी पिन घ्यावी. तिला खालून लिंच पिन (पिन निसटू न देणारी कडीची खीळ) लावणे हायड्रॉलिक ट्रॉलीला तर अनिवार्य आहे, कारण शेणखत रिकामे करताना डबा उचलला की वजन मागे जाते, दांडी वर उसळते आणि मोकळी पिन निघून येते. सोबत दांडीखालून फुलीसारखी घेतलेली साखळी असावी; पिन तुटली तरी दांडी रस्त्यात रुतत नाही.

खरेदीआधी हुकावर प्रत्यक्ष किती भार येतो हे मोजून घ्यावे. नेहमीचा माल नेहमीसारखा भरून, सपाट जागी ट्रॉलीच्या चाकांना दगड लावावेत आणि दांडीचे टोक हुकाच्या उंचीवर आणून, पुरेशा क्षमतेच्या वजनकाट्यावर ठोकळा रचून टेकवावे. आकडा जास्त निघाला तर क्रेटची पुढची ओळ मागे सरकवून पुन्हा मोजावे, पण भार शून्याजवळ नेऊ नये, कारण मग ट्रॉली मागे झुकून दांडी पिनेला वर ओढू लागते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकडही जाते.

हूक बसवल्यावर रिकाम्या ट्रॉलीने वावरातच दोन्ही बाजूंना पूर्ण वळण घेऊन पाहावे. त्या वेळी दुसऱ्या माणसाने बाजूला, ट्रॉलीच्या कक्षेबाहेर उभे राहून टायर, दांडी आणि हायड्रॉलिकच्या पाइपावर नजर ठेवावी. पहिली भरलेली खेप टाकून आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत.